गेमची परीक्षणे सिनेमासारखी नकोत

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अधूनमधून व्हिडिओ गेमची परीक्षणे येऊ लागली आहेत, हे चांगले झाले. तक्रार एवढीच की ती सिनेमाच्या चालीवर लिहिलेली असतात. कथा कशी, ग्राफिक्स कसे, खलनायक जमला की नाही आणि शेवटी पाचपैकी साडेचार तारे. कंट्रोलर धरलेल्या हाताला नेमके काय करावे लागते आणि पाच-सहा तासांनंतरही ते करावेसे वाटते का, याबद्दल त्यात एक ओळ नसते. पैसे मोजणाऱ्या पालकांना हव्या असलेल्या माहितीचीही तीच गत. गणेश चवथ जवळ आली की पणजी-म्हापशाच्या दुकानांत चौकशा सुरू होतात, आणि त्यात ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन २’ हे नाव अजूनही असते. म्हणून याच गेमचे उदाहरण घेऊन लिहितो.

इन्सोम्नियाक गेम्सचा हा गेम प्लेस्टेशन ५ वर २० ऑक्टोबर २०२३ रोजी आला. पीसीवर ३० जानेवारी २०२५ रोजी. २०१८ चा पहिला भाग आणि २०२० चा ‘माइल्स मोरालेस’ यांच्या पुढची ही गोष्ट; यात पीटर पार्कर आणि माइल्स मोरालेस असे दोन स्पायडर-मॅन आहेत. प्लेस्टेशन ४ साठी तो निघालेलाच नाही. जुने यंत्र घरी असेल तर विषय तिथेच संपला. दुकानदार काहीही सांगो.

आता हाताची गोष्ट. या मालिकेत धागा हवेला चिकटत नाही, त्याला खरी इमारत लागते. पहिला भाग सगळा मॅनहॅटनमध्ये होता, उंच इमारतींच्या जंगलात, त्यामुळे अडचण आली नाही. दुसऱ्या भागात क्वीन्स आणि ब्रुकलिनही आले. तिथे घरे बुटकी, मध्ये ईस्ट रिव्हरचे रुंद पात्र. पूल नसताना पणजीहून मांडवी ओलांडून बेतीला झोके घेत जायचे ठरवले तर जे होईल तेच इथे झाले असते: दोन झोके आणि थेट पाण्यात. त्यावरचा उपाय म्हणजे वेब विंग्स, बगलेतून उघडणारे पंख. उडीत असताना त्रिकोणाचे बटण दाबले की ते उघडतात. नदीवर आणि रस्त्यांच्या वर वाऱ्याचे बोगदे ठेवलेत. त्यात शिरले की उंची न गमावता लांबवर जाता येते. नकाशा मोठा केला म्हणून पंख द्यावे लागले, आणि पंखांमुळे वेग इतका वाढला की तेवढ्या वेगाने शहर लोड करणारी एसएसडी (वेगवान साठवण) नसती तर हा गेम झालाच नसता. एका निर्णयातून दुसरा कसा निघतो ते इथे उघड दिसते. परीक्षणात हे यायला हवे होते. आले काय, तर ‘नकाशा दुप्पट’.

झोका घेण्यातही कसब आहे. आर२ (कंट्रोलरच्या मागच्या बाजूचे उजवे बटण) धरून ठेवले की झोका चालू. सगळ्यात खालच्या टोकाशी सोडला तर पुढे वेग मिळतो, वर चढताना सोडला तर उंची. सोडताना एक्स दाबले की उडीला आणखी जोर येतो. नवशिके आर२ शेवटपर्यंत धरून बसतात, झोक्याचा जोर वरच संपतो आणि मग ‘हा पहिल्यापेक्षा संथ वाटतो’ असे म्हणतात. खरी मेख सेटिंगमध्ये आहे. झोक्याला मदत करणारी ‘स्विंग स्टिअरिंग असिस्टन्स’ नावाची पट्टी शून्य ते दहा असते आणि सुरुवातीला ती दहावर असते. पहिले काही तास तशीच राहू द्यावी. नंतर ती पाचवर, पुढे शून्याच्या जवळ आणावी. वळणे स्वतः सांभाळावी लागतात, पण वेग आणि कसरती खऱ्या वाटू लागतात. उंचावरून पडल्यावर इजा होण्याचा पर्यायही तिथेच आहे. तो चालू केला की जमिनीची भीती बसते आणि हात आपोआप सुधारतो.

मारामारीत मात्र एक गाठ राहिली आहे आणि ती कोणी नीट सांगत नाही. एल१ या एकाच बटणावर दोन कामे लादली आहेत. ते टिचकीसारखे दाबले की पॅरी, म्हणजे शत्रूचा वार अडवून परतवणे. तेच धरून ठेवून चौकोन, त्रिकोण, एक्स किंवा गोल दाबला की खास शक्ती: पीटरचे यांत्रिक हात, पुढे काळ्या पोशाखाचे तडाखे, माइल्सची वीज. गर्दीत सापडलेला खेळाडू घाबरून एल१ घट्ट धरतो. पॅरीची वेळ निघून जाते, वर चुकून शक्तीही खर्च होते, आणि तो म्हणतो गेम अवघड आहे. पहिल्या भागात सगळे गोलाने, म्हणजे नुसते बाजूला होऊन भागत होते. इथे काही वार अडवावेच लागतात आणि कोणते ते डोक्याभोवतीच्या इशाऱ्याच्या रंगावरून ओळखायचे असते. उपाय साधा आहे. पहिल्या तीन-चार मोहिमांत शक्ती विसरून फक्त पॅरीचा सराव करावा. तरीही वेळ साधत नसेल तर सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटी (सुलभता) विभागात गेमचा वेग ७०, ५० किंवा ३० टक्क्यांवर आणता येतो. ७० वर सराव करून परत पूर्ण वेगावर यावे. यात लाज कसली!

उपकरणे वापरायला आर१ धरून तीच चार बटणे. वेब ग्रॅबरने विखुरलेली टोळी एका जागी ओढायची, मग अपशॉटने सगळ्यांना वर उडवायचे आणि हवेतच उरकायचे. ही जोडी जमली की साध्या मारामाऱ्या सोप्या जातात. साठलेला फोकस (वार करताना भरत जाणारी पट्टी) मात्र जपून वापरावा. तोच खर्च करून डी-पॅडच्या (दिशांच्या बटणांच्या) खालच्या बाजूने जीव भरता येतो, आणि त्याच फोकसवर फिनिशर, म्हणजे शत्रूला एका फटक्यात संपवणारा वारही चालतो. बॉसच्या, म्हणजे मोठ्या खलनायकाच्या लढाईत फिनिशरचा मोह धरणारे दुसऱ्या टप्प्यात रिकाम्या हाताने उभे असतात.

कथेबद्दल थोडक्यात. शिकारी खलनायक क्रेव्हनचा पूर्वार्ध भरीव आहे, हॅरी ऑस्बॉर्न आणि पीटरची मैत्री सावकाश रंगवली आहे, माइल्सचा त्याच्या वडिलांच्या मृत्यूला कारण झालेल्या मार्टिन लीवरचा राग पटतो. पण दुसरा खलनायक व्हेनम उशिरा येतो आणि आल्यावर सगळे धावपळीत आटोपते. टोनी टॉडसारखा आवाज हाताशी असताना त्याला एवढी कमी जागा देणे पटत नाही. माइल्सही उत्तरार्धात मागे पडतो. पीटरची मैत्रीण मेरी जेन हिच्या लपूनछपून जायच्या मोहिमा पहिल्या भागापेक्षा चांगल्या झाल्यात, पण झोका घ्यायला आलेल्याला भिंतीआड रांगायला लावणे मला तरी अजून रुचलेले नाही. उलट हेली कूपर या कर्णबधिर मुलीची छोटी मोहीम कौतुकाची आहे: आवाज जवळजवळ नाहीसा होतो आणि जग कंट्रोलरच्या कंपनांतून कळते. मुख्य कथा सतरा ते वीस तासांची, सगळे पूर्ण करायचे तर तीस. तेवढ्याच ऐवजाचे गेम उगाच शंभर तासांपर्यंत ताणले जातात, त्यापेक्षा हे बरे.

पालकांची सर्वांत मोठी फसगत होते ती कव्हरवरच्या दोन स्पायडर-मॅनमुळे. घरात दोन भाऊ आहेत, दोन कंट्रोलर घेऊ, दोघे मिळून खेळतील, असा हिशेब असतो. गेम एकट्याचा आहे. मोकळ्या शहरात पीटर की माइल्स ते बदलता येते, मुख्य मोहिमांत तर तेही गेमच ठरवतो. दुसऱ्या कंट्रोलरचे पैसे वाचवावेत. वयाचे म्हणाल तर युरोपच्या पेगीने १६ वर्षे आणि अमेरिकेच्या ईएसआरबीने ‘टीन’, म्हणजे १३ वर्षे असे वर्गीकरण केले आहे. स्पायडर-मॅन म्हटला म्हणजे सात वर्षांच्या पोराला चालेल, असे नाही. उत्तरार्धातले काही प्रसंग खरोखर भेसूर आहेत.

जागा किती लागते हेही परीक्षणात एका ओळीत मावेल. प्लेस्टेशन ५ वर सुमारे ९८ जीबी. प्लेस्टेशन ५ च्या पहिल्या मॉडेलमध्ये ८२५ जीबीपैकी प्रत्यक्ष वापराला सुमारे ६६७ मिळतात, म्हणजे असे सहा गेम आणि खेळ खलास. यूएसबीच्या बाहेरील ड्राइव्हवर पीएस५ चा गेम ठेवता येतो, तिथून खेळता येत नाही. जागा वाढवायची तर आत एम.२ एसएसडी बसवावी लागते, तीही हीटसिंक असलेली आणि निदान ५५०० एमबी प्रति सेकंद वेगाची. स्वस्तातली घेऊन पश्चात्ताप करू नये. डाउनलोड करायचा तर ५० एमबीपीएसच्या जोडणीवर, वेग पूर्ण मिळाला तरी, साडेचार तास. मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीवर तो उतरवण्याचा विचार सोडलेला बरा.

पीसीवाल्यांनी १४० जीबी एसएसडी आणि १६ जीबी रॅम गृहीत धरावी. जीटीएक्स १६५० या ग्राफिक्स कार्डवर तो चालतो, पण ७२० पी, सेकंदाला ३० फ्रेम (चित्रे) आणि सर्वांत खालच्या सेटिंगवर. १०८० पी आणि ६० फ्रेमसाठी आरटीएक्स ३०६० हवे. पीसी आवृत्ती आली तेव्हा क्रॅशच्या तक्रारींनी लोक हैराण होते. पीसी आवृत्ती करणाऱ्या निक्सेसने नंतर पॅच (दुरुस्त्या) काढले. तेव्हा आधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर अद्ययावत करावा आणि रे ट्रेसिंग (प्रकाश-प्रतिबिंबांचा जड परिणाम) बंद ठेवून सुरुवात करावी. व्हिडिओ मेमरी भरली की झोक्याच्या मधोमध चित्र अडकते. कन्सोलवर मात्र ‘परफॉर्मन्स’ मोड निवडावा, ६० फ्रेम मिळतात. ‘फिडेलिटी’ फोटो काढायला ठीक, पॅरीला ३० फ्रेम पुरत नाहीत.

शेवटी आपल्या गोव्याच्या हवेबद्दल, कारण परदेशी परीक्षणांत हे कधीच नसते. पावसात वीज जाते-येते. यंत्र रेस्ट मोडमध्ये असताना वीज गेली की पुन्हा चालू करताना ते ड्राइव्ह तपासत बसते आणि एखादे वेळी डेटा बिघडू शकतो. जून ते सप्टेंबर रेस्ट मोड वापरूच नये, पूर्ण बंद करावे. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याचे मागचे बटण यूपीएस मोडवर आहे का ते पाहावे; साध्या मोडवर बॅटरीवर जायला लागणाऱ्या क्षणात कन्सोल बंद पडतो. इन्व्हर्टर नसेल तर ६०० व्हीएचा यूपीएस पुरे. तो टीव्ही आणि कन्सोल मिळून काही मिनिटेच ओढतो, पण सेव्ह करून नीट बंद करायला तेवढी बास. पीएस५ च्या गेमचे सेव्ह सुटे काढून पेनड्राइव्हवर ठेवता येत नाही. एक तर प्लेस्टेशन प्लस या सशुल्क सदस्यत्वाचे क्लाउड, नाही तर सगळ्या यंत्राचा बॅकअप. तीस तासांची प्रगती असलेल्यांनी आणि न्यू गेम प्लसची (मिळवलेली ताकद घेऊन पुन्हा पहिल्यापासून खेळण्याची) इच्छा असलेल्यांनी हे आधीच करून ठेवावे.

किनाऱ्याजवळच्या घरांत खारी दमट हवा एचडीएमआय आणि यूएसबीच्या तोंडांवर बसते. केबल वर्षानुवर्षे न काढता ठेवली की तिथे गंज धरतो. शोकेसच्या काचेआड यंत्र ठेवण्याची आपली सवयही मोडायला हवी. चारी बाजूंनी निदान दहा सेंटिमीटर मोकळे हवे. पंख्याचा आवाज अचानक वाढला तर गेमला शिव्या देण्याआधी यंत्राच्या मागचा धुरळा बघावा.

सेकंडहँड डिस्क घेताना चकतीवर ओरखडे आहेत का ते उजेडात तिरकी धरून पाहावे. डीलक्स आवृत्तीच्या पोशाखांचा कोड बहुधा आधीच वापरलेला असतो, त्याचे जादा पैसे देऊ नयेत. आणि घरचे यंत्र डिजिटल आवृत्तीचे असेल तर डिस्क घालायला जागाच नाही. नव्या स्लिमला ड्राइव्ह वेगळा घेऊन जोडता येतो, पण पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागते. एवढे एका चौकटीत छापले तरी पुढच्या परीक्षणाचा वाचकाला उपयोग होईल.

आपला,
एक नियमित वाचक,
फोंडा, गोवा