तिसरा पिस्टन

कोल्हापूर,
रविवार दुपार

प्रिय भावा,

गाडीचा रिमॅप करून घेतोयस, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून घेतोयस; मत सांग म्हणालास. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देतोस कुठं? म्हणून हे पत्र. दुसरं असं, की माझी गाडी गेला महिनाभर उद्यमनगरातल्या गॅरेजात पोट उघडून पडलीय. हे तुझ्यापासून लपवलं होतं. लाज वाटत होती, दुसरं काय.

मालवणहून येत होतो. चौघं जण, डिकीत आंब्याच्या पेट्या. करूळ घाटात गप्पांच्या नादात गाडी चौथ्या गिअरातच राहिली, आरपीएमचा काटा पंधराशेला. पुढं ट्रक रांगत होता. गिअर खाली घ्यायचा कंटाळा केला आणि नुसता पाय दाबला. टर्बोचं, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याचं, आपल्याला कौतुकच त्याचं ना, की गाडी कमी आरपीएमलाच ओढते! बोनेटखालून टक्क असा एकच आवाज आला, ऐरणीवर हातोडी पडावी तसा. मग गाडी थरथरायला लागली, चेक इंजिनचा दिवा उघडझाप करू लागला आणि आरशात निळा धूर. गगनबावड्यापर्यंत कशीबशी आणली. तिथून टोचन लावून कोल्हापूर.

मिस्त्रींनी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा किती दाबली जाते ते, बघितलं. बाकीचे तीन सिलिंडर १७० पीएसआयच्या आसपास, तिसऱ्या नंबरचा ६०. हेड काढलं, पिस्टन बाहेर आला, तर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधला काठ, म्हणजे रिंगलँड, तुटलेला. तुकड्यानं बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, नखाला लागेल अशी रेघ ओढलेली. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "गाडी गेली न्हाई साहेब, तुम्ही घालवलीसा."

मला वाटत होतं टर्बोच गेला असणार. लाख-दोन लाख आरपीएमनं फिरणारी वस्तू, एका बाजूनं नऊशे अंशांच्या पुढचा धूर, दुसरीकडनं थंड हवा, आणि मधला दांडा नुसत्या ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगतो. तोच आधी जाईल असं कुणालाही वाटेल. पण त्याला काही झालं नव्हतं. तो हवा कोंबत राहिला आणि मार खाल्ला पिस्टननं.

झालं काय, तर आरपीएम कमी आणि लोड जास्त असला की पिस्टन आणि भिंतीच्या फटीत साचलेले ऑइल-पेट्रोलचे थेंब कधीकधी ठिणगी पडायच्या आधीच पेटतात. लहान, डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरात फवारणाऱ्या) टर्बो इंजिनांचा हा खास आजार. पिस्टन अजून वर येतोय आणि वरून स्फोट खाली दाबतोय. एरवी नॉकिंग झालं, म्हणजे ठिणगीनंतर उरलेलं इंधन आपोआप भडकलं, तर सेन्सर ऐकतो आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) टायमिंग मागं घेतो, म्हणजे ठिणगी जरा उशिरा देतो. पण जे ठिणगीच्या आधीच पेटलं, त्याला ठिणगी उशिरा देऊन काय उपयोग? असा एक दणकाही रिंगलँड तोडायला पुरतो.

ऑइलचाही यात हात असतो. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटनं हा प्रकार वाढतो, म्हणून २०२० साली आलेल्या एपीआय एसपी या ऑइलच्या दर्जात त्याची वेगळी चाचणी ठेवलीय. मी मात्र स्वस्तात मिळालं म्हणून जुन्या दर्जाचं ऑइल ओतलं होतं. "ऑइल कवा बघितलासा?" या प्रश्नावर मी गप्प. डिपस्टिकवर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होतं. त्यात रिमॅप. कंपनीनं खालच्या आरपीएमला बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, का आवरून धरलेला असतो, ते आता कळतंय. तोच आवर रिमॅपवाल्यानं काढला आणि गाडी कशी उडते बघ म्हणून मी तुलाच व्हिडिओ पाठवला होता.

आपल्याकडं उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला पोरगासुद्धा चढ आला की आधी गिअर खाली टाकतो. त्याला कुणी टर्बो शिकवलेला नसतो.

गंमत म्हणजे हे दुखणं पहिल्यापासूनचं. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबाइल जेटफायर आली, टर्बो लावून विकायला आलेल्या अगदी पहिल्या गाड्यांपैकी. नॉकिंग होऊ नये म्हणून तिला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीतून पाजायला लागायचं. लोक ती टाकी भरायलाच विसरायचे. ती संपली की गाडी स्वतःच बूस्ट कमी करून घ्यायची, मग मालकांची तक्रार की गाडी ओढत नाही. शेवटी कित्येकांनी टर्बोच काढून साधा कार्बुरेटर बसवून घेतला. हे वाचून मला बरं वाटलं. साठ वर्षांपूर्वीही माझ्यासारखे होतेच.

आता ब्लॉक बोअरिंगला गेलाय. ज्या गावात ओतलेले ब्लॉक आणि हेड देशभर जातात, तिथं हे काम अडत नाही. अडतं ते पिस्टनच्या सेटसाठी; तो यायला अजून दहा दिवस. खर्चाचा आकडा पत्रात लिहीत नाही, वहिनी वाचतील. मॅप मात्र कंपनीचाच परत टाकणार.

तुला रिमॅप करू नको म्हणणार नाही, तू ऐकणार नाहीसच. पण आधी कॉम्प्रेशन आणि लीकडाउन (सिलिंडरातून हवा किती गळते ते) बघून घे, प्लग उघडून बघ, आणि मॅपवाल्याला सरळ विचार की दोन हजारांच्या खाली तो टॉर्क किती वाढवतोय. "सगळीकडं मस्त वाढतो" म्हणाला तर चहा पिऊन परत ये.

तुटका पिस्टन घरी आणलाय. आईनं त्याच्याखाली लाइटबिलं दाबून ठेवलीत. पुढच्या महिन्यात येतोयस ना? गाडी घेऊनच ये, आणि घाटात आमची आठवण काढून गिअर खाली घे. पांढऱ्या रश्श्याचं आल्यावर बघू, आधी तुझी डिपस्टिक काढतो.

तुझाच,
सध्या केएमटीच्या बसनं फिरणारा