पितांबरीने घासू नका, मोडीतही घालू नका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

जुनी नाणी, तिकिटे आणि काड्यापेट्यांच्या प्रदर्शनाची बातमी आपल्या अंकात वाचली. छान झालं. पण बिल्ल्यांचा त्यात कुठे उल्लेख नाही, आणि आमच्या भुसावळात तर दर दिवाळीच्या साफसफाईत ते पितळेच्या भावाने मोडीत जातात. म्हणून हे पत्र.

मी रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालो. जमवतो ते मदतनिधीचे जुने बिल्ले. इस्पितळाला, अनाथ मुलांना, मुक्या जनावरांच्या दवाखान्याला पैसे दिले की छातीवर लावायला मिळायचे ते. त्यातही मुलांच्या आवडीचं कार्टून असलेलेच. हा मूळचा विलायती प्रकार. भुसावळात आला तो रेल्वेच्या बंगल्यांमधून. तिथे अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आणि गार्ड मंडळी राहायची. पुढे त्यांतली बरीच कुटुंबं इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला गेली. कपाटं, पियानो लोकांनी हौसेने घेतले. शिवणाच्या डब्यातली बटणं नि बिल्ले मात्र भंगारवाल्याकडे गेले. आमचा ठरलेला भंगारवाला अजून विचारतो, "या टिकल्यायचं काय करता भो?"

माझ्याकडच्यांत सगळ्यात लाडका आहे विल्फ्रेडचा. पिप कुत्रा, स्क्वीक पेंग्विन आणि विल्फ्रेड ससा ही चित्रमालिका लंडनच्या 'डेली मिरर'मध्ये १९१९ साली सुरू झाली. १९२७ मध्ये त्या सशाच्या नावाने मुलांचं मंडळ निघालं. नाव असलं विचित्र की मोठ्या माणसाने उच्चारताना लाजावं: 'विल्फ्रेडियन लीग ऑफ गगनंक्स'. ससा अगदी तान्हा, त्याला 'गग' आणि 'नंक' एवढंच बोलता यायचं, म्हणून त्याची मंडळी गगनंक! मंडळातली पोरं मुलांच्या इस्पितळांसाठी पैसे गोळा करायची. बिल्ला बोटाच्या पेराएवढा, निळ्या मीन्यावर सशाचे लांब कान. माझ्याकडच्याची एक कड कुणीतरी दाताने चावल्यासारखी उडालेली आहे, आणि मागची पिन एकदा तुटून पुन्हा डाख दिलेली. डाख देणारा आमच्याच रेल्वे वर्कशॉपमधला असावा अशी मला शंका आहे, कारण घरगुती माणूस इतकं कथील ओतत नाही.

गंमत म्हणजे पहिल्या महायुद्धातली तीन पदकं एकत्र मिळायची, त्या त्रिकुटालाही ब्रिटिश सैनिक 'पिप, स्क्वीक आणि विल्फ्रेड' म्हणायचे. खान्देशात कुणाच्या पणजोबांच्या पेटीत तशी पदकं असतील, तर त्यांचं टोपणनाव एका कार्टूनवरून पडलंय हे घरच्यांना ठाऊक असू द्या.

अलीकडचं म्हणाल तर बीबीसीच्या मुलांसाठीच्या मदतनिधीचं पड्सी अस्वल. पिवळं, एका डोळ्यावर पट्टी. १९८५ साली जोआना लेन या चित्रकार बाईंनी ते तयार केलं आणि त्याला आपल्या जन्मगावाचं नाव दिलं. म्हणजे आपण अस्वलाला 'फैजपूर' म्हणावं तसं. याचे बिल्ले उदंड, म्हणून किंमत कमी. मला त्याचं काही वाटत नाही.

जॅमच्या एका कंपनीचे गोलीवॉग बाहुलीचे बिल्ले मात्र मी ठेवत नाही. लोक तेही मदतनिधीचे म्हणून विकतात. ती निव्वळ मालाची जाहिरात होती, आणि वरचं चित्र म्हणजे काळ्या माणसाची टवाळी. हल्ली त्यांनाच सगळ्यात जास्त भाव आहे, असो. आपल्या रेल्वेचा भोलू हत्ती, २००२ सालचा, हातात हिरवा कंदील घेतलेला, तोही मदतनिधीचा नाही. पण तो घरचा, म्हणून त्याला वेगळी डबी.

आता कामाचं. नवे बिल्ले जुने म्हणून खपवले जातात. चाळीसगावच्या एका मित्राला तर इंटरनेटवरून चक्क ताजं ओतकाम आलं. उलटं करून बघा. मागे टोचायची बारीक खिळी आणि तिच्यावर दाबून बसवायची टोपी असेल, तर तो विसाच्या-तिसाच्या दशकातला असणं कठीण. त्या काळी लांब आडवी पिन असायची किंवा कोटाच्या काजात अडकवायचा घोड्याच्या नालासारखा आकडा. खरा मीना म्हणजे काचेची पूड भट्टीत वितळवलेली. त्यावर सुई रुतत नाही. नकली रंगात रुतते. बनवणाऱ्याचं नाव मागे बारीक अक्षरांत असतं, ते सराफाच्या भिंगाने नीट वाचता येतं. जळगावचे सराफ हसतात, पण भिंग देतात.

आणि हात जोडून विनंती, पितांबरी लावू नका. चिंच-मीठही नको. पितळ लखलखतं, पण कडेला मीना सुटायला लागतो आणि बनवणाऱ्याचं नाव पुसलं जातं. कोरड्या मऊ फडक्याने धूळ टिपायची, बस. दुसरा प्रकार पत्र्याच्या गोल बिल्ल्यांचा. अमेरिकेतल्या न्यूअर्कच्या व्हाइटहेड अँड होग कंपनीने १८९६ मध्ये पेटंट घेतलेला. वर सेल्युलॉइडचा पारदर्शक पापुद्रा, त्याखाली छापील कागद, त्याखाली पत्रा. त्याला तर पाण्याचा थेंबही नको. पाणी कडेने आत शिरतं, पत्रा गंजतो आणि सशाच्या तोंडावर तांबडे डाग पडतात. आपल्या मे महिन्याच्या उन्हात पापुद्रा आक्रसून तडकतो, म्हणून पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावरही ठेवू नये.

आपल्याकडे ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचे कागदी झेंडे आहेत, क्षयरोग निवारणाची तिकिटं आहेत. शाळेत आम्हीही झेंडा टाचणीने खिशाला लावून मिरवलो. ते कुणी जपले असतील तर तेही मला बघायचेत.

मी व्यापारी नाही, भाव सांगणार नाही. वस्तू ओळखून देईन आणि तुमची तुम्हाला परत करीन. फक्त ती कुणाची होती, कोणत्या बंगल्यातून किंवा बाजारातून आली, हे आठवत असेल तेवढं एका चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून सोबत ठेवा. शाई नको, ती बिल्ल्याला लागते.

आपला,
एक सेवानिवृत्त फिटर, भुसावळ