व्याघ्रपर्यटनात ग्रामसभेला स्थान हवे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रात, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्यात, माझे गाव असून गावालगत माझे चार एकर वावर आहे. मुलगी नोकरीनिमित्त रोमला असल्यामुळे गेल्या मे महिन्यात तिच्याकडे जाणे झाले आणि त्या मुक्कामातले चार दिवस मी मध्य इटलीतील आब्रुत्सो भागात, ओपी या डोंगरी गावात राहिलो. तेथे जे पाहिले ते आपल्या भागातील पर्यटनाशी थेट निगडित वाटले, म्हणून हे पत्र.

ओपी साधारण १,२५० मीटर उंचीवर, खडकाच्या अरुंद धारेवर वसलेले आहे. दाटीने उभी दगडी घरे आणि जेमतेम चारशेची वस्ती. सभोवती बीच वृक्षांचे जंगल, त्यात लांडगे, हरणे आणि जगात केवळ याच परिसरात उरलेली, पन्नास-साठच्या घरातली मार्सिकन अस्वले.

हा परिसर आब्रुत्सो राष्ट्रीय उद्यानात येतो. ते कसे सुरू झाले, हे ऐकून मी थक्क झालो. १९२१ साली निसर्गरक्षणासाठी झटणाऱ्या एका संघाने ओपीच्या ग्रामपालिकेकडून कामोशारा परिसरातील ५०० हेक्टर जमीन भाड्याने घेतली, ९ सप्टेंबर १९२२ रोजी शेजारच्या पेस्कास्सेरोली गावात उद्यानाचे उद्घाटन झाले आणि सरकारची मान्यता त्यानंतर, जानेवारी १९२३ मध्ये आली. आधी गावाशी करार, मग सरकारी शिक्का! आपल्याकडे ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. पण ज्या तारूच्या नावावरून ताडोबा हे नाव पडले असे मानतात, त्याच्या ठाण्यावर जायलाही आज त्याला पुजणाऱ्या गोंड बांधवांना परवानगी लागते.

ज्या घरी मी उतरलो होतो, तेथील आजींच्या मुलाने मला त्याच्या मधपेट्या दाखवायला नेले. पेट्यांभोवती विजेची तार होती. जवळ उभा राहिलो, तर माझ्या वावरातल्या झटका मशीनची रात्रभर ऐकू येणारी तीच टक्-टक् कानी आली. फरक एवढाच, की त्याचे कुंपण उद्यानाने दिलेले होते आणि अस्वलाने नुकसान केलेच तर भरपाईही उद्यानच देते. माझे मशीन मी पदरच्या पैशांनी घेतले. मागच्या हंगामात रानडुकरांनी धानाच्या दोन बांध्या तुडवल्या, पंचनामा झाला, भरपाईसाठी मी अजून हेलपाटे घालतो आहे.

अर्थात अस्वल आणि वाघ यांची बरोबरी होत नाही, हे मी जाणतो. मार्सिकन अस्वल शांत म्हणून ओळखले जाते. आमच्याकडे मोहफुलांच्या आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत पहाटे जंगलात गेलेली बाई परत येईपर्यंत घरच्यांच्या जिवाला घोर असतो. तेथेही सारे आलबेल नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये अमारेना नावाची, दोन पिल्लांची आई असलेली अस्वलीण उद्यानाच्या हद्दीबाहेर एका माणसाच्या गोळीने मेली.

तरीही एक गोष्ट मनातून जात नाही. ओपीत आलेला पाहुणा गावातल्या घरी झोपतो, खोऱ्यातल्या मेंढ्यांच्या दुधाचे पेकोरिनो चीज खातो आणि पायवाटांनी हिंडतो. शेजारच्या एका पायवाटेवर तर, शामोआ या रानबकऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून, ऐन उन्हाळ्यात मोजक्याच माणसांना सोडतात. आमच्या वेशीवरच्या रिसॉर्टमध्ये भाजी आणि दूध नागपूरहून येते, आणि आमच्या गवळ्याची कॅन फाटकावरून परत जाते. सफारीच्या जिप्सी गाड्यांची धूळ तेवढी आमच्या अंगणात पडते.

म्हणून वन विभागाला आणि लोकप्रतिनिधींना माझी विनंती आहे, की बफरमधील नव्या रिसॉर्टला ग्रामसभेच्या संमतीशिवाय परवानगी देऊ नये, गावातल्या घरांत पाहुणे ठेवण्यासाठी बायांना प्रशिक्षण आणि कर्ज मिळावे, आणि पर्यटनाच्या उत्पन्नातून गावाच्या वाट्याला किती आले व ते कशावर खर्च झाले, हे दरवर्षी ग्रामसभेत वाचून दाखवावे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून ग्रामसभा जंगल सांभाळू शकते, हे दाखवून दिले आहे. त्यासाठी इटलीचा दाखला शोधण्याचीही गरज नाही.

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी हा विषय मी लेखी दिला आहे. शेजारच्या गावांनीही तो आपापल्या सभेत घ्यावा, एवढ्यासाठी आपण हे पत्र छापावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व शेतकरी,
ता. भद्रावती, जि. चंद्रपूर