कॅपमधला धातू पावतीवर लिहा

महोदय,
दातावर बसवायची 'इम्पोर्टेड' कॅप चांगली आणि सांगलीतल्या लॅबची दुय्यम, ही समजूत सोडायला हवी. खरा प्रश्न आतल्या धातूचा. स्वस्त सिरॅमिक कॅपखाली बहुधा निकेल-क्रोमियम असते. इमिटेशन दागिन्यांतल्या निकेलने ज्यांना खाज सुटते त्यांनी कोबाल्ट-क्रोमियम किंवा झिरकोनिया (बिनधातूचे सिरॅमिक) मागावे. काही निकेल मिश्रधातूंत ओतकाम सोपे व्हावे म्हणून बेरिलियम घालतात; आंतरराष्ट्रीय मानकात त्याची मर्यादा ०.०२ टक्के आहे. कॅप घासताना बेरिलियमची घातक धूळ तंत्रज्ञाच्या फुप्फुसात जाते, त्याचे कुणाला काहीच नाही! ओतून उरलेला धातू नव्यात बेहिशेबी मिसळला की कॅपमध्ये छिद्रे राहतात, वरच्या पोर्सेलिनचे (सिरॅमिकच्या थराचे) टवके उडतात. परदेशी लॅबही याला अपवाद नाही. डॉक्टरांनी लॅबच्या चिठ्ठीवरचे मिश्रधातूचे नाव आणि बॅच नंबर रुग्णाच्या पावतीवर उतरवून द्यावेत.

– एक दंततंत्रज्ञ, विश्रामबाग, सांगली