बेळगाव-शहापूरच्या बाइंडर काकांस

काका, सप्रेम नमस्कार.

फोन करून आभार मानता आले असते, पण चार वाक्यांत ते उरकलं असतं आणि तुम्ही "असू दे गे पोरी" म्हणून फोन ठेवला असता. शिवाय तुम्ही काय केलंत ते बाकीच्यांनीही वाचावं असं मला वाटतं, म्हणून हे उघड पत्र.

ऑगस्ट २०१९ मध्ये मलप्रभेचं पाणी आमच्या गावात शिरलं आणि वाचनालयाच्या खोलीत दोन दिवस राहिलं. पाणी उतरल्यावर कपाट उघडलं, तर खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं फुगून एकमेकांत गच्च बसली होती. एक ओढलं तर पुठ्ठा हातात आला आणि पुस्तक आतच राहिलं. ज्याच्या त्याच्या घरात चिखल, मदतीला कुणाला बोलावणार? एका ठिकाणी "रद्दीत घाला, नवी घ्या" असं ऐकलं आणि तिथून तशीच पोती घेऊन तुमच्या दुकानी आले.

तुम्ही पोतं सोडलंत, एक पुस्तक हातात घेऊन पहिल्यांदा हेच विचारलंत, "उन्हात घातली नाहीस नव्हं?" नव्हती घातली, ऊन होतं कुठं! तुम्ही म्हणालात, पावसानंच वाचवलं, उन्हात पानं आकसून वाकडी झाली असती. काकूंनी माडीवरची खोली रिकामी करून दिली. दहा-बारा पानांआड वर्तमानपत्राचा कागद घालायचा, पंखा लावायचा, ओला झालेला कागद काढून कोरडा घालायचा. रात्री उठून तुम्ही दोघं ते करत होतात हे मला नंतर कळलं.

लहान मुलांची रंगीत चित्रांची पुस्तकं मात्र गेली. गुळगुळीत कागद ओला होऊन वाळला की त्याची वीट होते. ती बाजूला ठेवताना तुम्ही खोटा धीर दिला नाहीत, त्याबद्दलही आभार.

एक गोष्ट मी तुमच्यामुळे पाहिली. आमचं देवघेवीचं रजिस्टर शाईपेनानं लिहिलेलं, ते धुऊन निळं पाणी झालं. पण छापील अक्षर तसंच्या तसं. छपाईची शाई तेलातली असते, पाण्याला दाद देत नाही, असं तुम्ही सांगितलंत. रजिस्टर गेल्यामुळे कुणाकडे काय आहे ते कळायचा मार्ग नव्हता. तरी वरच्या आळीतल्या लोकांनी आपणहून पुस्तकं आणून दिली. लोकांनी वाचायला नेली होती म्हणूनच ती कोरडी राहिली.

सगळ्यांत जास्त आठवते ती जुळवाजुळव. सुटलेल्या पानांचे कोपरे कुजून आकडे गेले होते. तुमच्या घरची भाषा कन्नड, पण तुम्ही एका पानाची शेवटची ओळ मोठ्यानं मराठीत वाचायचात आणि मी पुढच्या पानाची पहिली. वाक्य जुळलं की पान खाली. अशी एक अख्खी कादंबरी आपण लावली. दहा वर्षं तिच्यावरची धूळ मीच झटकत होते, पण कधी उघडली नव्हती. त्या रात्री घरी आले तर पुढं काय होतं म्हणून झोप येईना.

मग शिलाई. जुजं, म्हणजे पानांच्या जुड्या, नीट दुमडून, मेण लावलेला दोरा ओढून, पाठीला कापड. खळ शिजवताना चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. तुम्ही म्हणालात, हल्लीचं नुसतं डिंकानं चिकटवलेलं पुस्तक सुटलं की सुट्टी पानंच उरतात, शिवलेलं कितीदाही परत शिवता येतं. तेव्हापासून बेळगावजवळच्या कडोली-येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांत स्टॉलवर पुस्तक घेताना मी आधी पाठ बघते.

आमच्याकडे बसच्या पाटीपासून सातबाऱ्याच्या उताऱ्यापर्यंत सगळं कन्नडमध्ये. ते आम्हाला वाचता येतं, वाचलंच पाहिजे. पण मुलाला निवांत बसून मराठी वाचायचं तर त्या कपाटाशिवाय गावात दुसरं काय आहे? मोबाईलवर मराठी दिसते, पण बोटासरशी वर सरकून जाते. कपाटातलं पुस्तक कुणी मागितलं नाही तरी तिथं असतं, आणि एखाद्या पावसाळी दुपारी भलत्याच मुलीच्या हाती लागतं. ज्या बेळगावात १८४८ पासून सार्वजनिक वाचनालय आहे, त्या शहरापासून थोड्या अंतरावरच्या खेड्यात ही एक खोली बंद पडली असती, तर मला ते सोसलं नसतं. तुम्ही ती बंद पडू दिली नाहीत. मजुरी विचारली तेव्हा फक्त कापडाचे आणि दोऱ्याचे पैसे घेतलेत.

त्या वेळी पोती उचलायला आलेली सातवीतली मुलगी आता कॉलेजला बेळगावात असते. येत्या शनिवारी तिच्याबरोबर दोन फाटकी पुस्तकं पाठवते. शिवायला नकोत, ती स्वतः शिवणार आहे. तुम्ही फक्त शेजारी बसा आणि दोरा किती ताणायचा तेवढं तिला दाखवा.

काकूंना नमस्कार.

तुमची,
वाचनालयवाली