डीकपलरचा बाण

पुणे,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू तुझ्या खेळातल्या रॉकेटबद्दल म्हणालास, "खालचा टप्पा सुटतो, वरचं इंजिन पेटतं, आणि वेग काही वाढत नाही." मी ऑफिसात होतो, धड बोलता आलं नाही. पण तेव्हापासून तेच डोक्यात आहे, कारण नेमकं हेच माझ्या बाबतीत झालं होतं. तुझ्या इंजिनात काही दोष नाही रे. तुझा डीकपलर, म्हणजे टप्पे वेगळी करणारी चकती, उलटा बसलाय.

कर्बल स्पेस प्रोग्रॅम या रॉकेट बांधून उडवायच्या संगणक-खेळात सगळे इंजिनांच्या मागे लागतात, या चपट्या चकतीकडे कोणी बघत नाही. दोन टप्प्यांच्या मध्ये बसायचं आणि स्पेसबार दाबला की त्यांना वेगळं करायचं, एवढंच तिचं काम. मात्र सुटताना ती स्वतः एका बाजूला चिकटून राहते. तिच्या कडेवर बाण आहेत बघ. बाण जिकडे, ती बाजू सुटते; चकती दुसऱ्या बाजूबरोबर जाते. म्हणून बाण वरच्या टप्प्याकडे हवा. खाली असला तर चकती वरच्या इंजिनाच्या तोंडाशीच राहते आणि सगळा जाळ तिच्यावर आदळतो. मी एक अख्खी संध्याकाळ इंधनाच्या टाक्या वाढवण्यात घालवली होती. शेवटी कॅमेरा फिरवून इंजिनाखाली नेला, तर ती करडी चकती तिथेच बसलेली!

सेपरेटर हा वेगळा भाग, तो दोन्ही बाजू सोडतो. वरवर सोयीचा वाटतो, पण सुटल्यावर त्याचं कडं मोकळं तरंगत राहतं. मला ते आवडत नाही. कक्षेत आपला कचरा कशाला?

दुसरं म्हणजे घाई करू नकोस. घन इंधनाचा बूस्टर, म्हणजे जादा जोरासाठी जोडलेलं रॉकेट, एकदा पेटला की थांबवता येत नाही. तो जळत असतानाच सोडलास तर मागून येऊन धडकेल. हे खऱ्या रॉकेटलाही चुकलेलं नाही. ऑगस्ट २००८मध्ये स्पेसएक्सच्या फाल्कन १ रॉकेटच्या तिसऱ्या उड्डाणात पहिला टप्पा बंद झाला, पण त्याच्या इंजिनात थोडा जोर शिल्लक होता. सुटल्यावर तो पुढे सरकला आणि दुसऱ्या टप्प्यावर आपटला. उपाय काय केला, तर इंजिन बंद होणं आणि टप्पा सुटणं यांतला वेळ थोडा वाढवला. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला चौथं उड्डाण थेट कक्षेत पोहोचलं. म्हणून मी डीकपलर आणि वरचं इंजिन एकाच स्टेजमध्ये, म्हणजे स्पेसबारच्या एकाच दाबावर, ठेवत नाही. आधी सोडतो, मनात दोन अंक मोजतो, मग पेटवतो.

बाजूच्या बूस्टरांना सेपाट्रॉन, म्हणजे त्यांना दूर ढकलणारी छोटी रॉकेटं, लाव, टोकाकडे आणि तोंड बाहेर ढकलेल असं. नाहीतर ते सुटताना मधल्या टाकीला घासून जातात. आणि छोटा उपग्रह सोडताना डीकपलरवर उजवं क्लिक करून जोर कमी कर. धक्का दोघांनाही सारखाच बसतो, पण हलक्याचा वेग जास्त बदलतो आणि जमवलेली कक्षा बिघडते.

तुला ३१ ऑगस्ट २०१७ची संध्याकाळ आठवते? इस्रोचं पीएसएलव्ही-सी३९ रॉकेट. आपण दोघं फोन कानाला लावून बघत होतो. टप्पे एकामागून एक नीट सुटले, पण उपग्रहावरचं उष्णताकवच सुटलंच नाही. आयआरएनएसएस-१एच हा दिशादर्शक उपग्रह आतल्या आत सुटला आणि तिथेच अडकला. तू बराच वेळ काही बोलला नव्हतास. मीही नाही. त्या दिवसापासून मला इंजिन पेटण्यापेक्षा सुटण्याच्या क्षणाचीच जास्त धाकधूक वाटते. १७ ऑगस्ट २०२३ला चांद्रयान-३चा विक्रम लँडर त्याला चंद्रापर्यंत नेणाऱ्या प्रणोदन मॉड्यूलपासून वेगळा झाल्याची बातमी आली, तेव्हा उतरायला अजून सहा दिवस होते. पण मी घरात पेढे त्याच दिवशी आणले.

तर आज रात्री चकती उलटी कर आणि पुन्हा उडव. मुनपर्यंत, म्हणजे खेळातल्या चंद्रापर्यंत, पोहोचलास की कितीही वाजले असले तरी फोन कर. वहिनींना नमस्कार, चिमणीला गोड पापा.

तुझा,
मकरंद