आंबवणं वेगळं, गाळणं वेगळं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या वाचकांच्या पानावर मध्यंतरी एका काकांचं पत्र आलं होतं, की घरी बिअर बनवायला परवानगी मागणारी ही पोरं उद्या गच्चीवर हातभट्टी लावतील आणि विषबाधेने माणसं जातील. वाचून आमच्या ह्यांनी मान डोलावली आणि मी मात्र चहा तसाच ठेवून उठले. कारण त्या काकांनी दोन्ही गोष्टी बहुतेक जवळून बघितलेल्या नाहीत आणि मी बघितल्यात. मी वय वर्षं 61, राहणार इंदिरानगर, माहेर निफाड तालुक्यातलं, आणि बिअरवर पत्र लिहायची वेळ माझ्यावर येईल असं मला स्वप्नात सुद्धा वाटलं नव्हतं.

हातभट्टी आधी सांगते. आमच्या शिवारात ओढ्याच्या काठाला चालायची, पिंपात काळा गूळ आणि नवसागर, वरून काय काय टाकायचे देव जाणे, ते सडलं की खाली जाळ लावून वाफ नळीतून बाहेर काढायची आणि थंड करून डब्यात धरायची. त्याला गाळणं म्हणतात. त्या डब्याने आमच्या गल्लीतली दोन घरं बसली. पुढे गावात आडवी बाटलीचं मतदान झालं तेव्हा मी सासरहून मुद्दाम गेले होते आईला आणि काकूंना केंद्रावर न्यायला, निम्म्याच्या वर बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारल्याशिवाय दुकान बंद होत नाही, म्हणून एकेक घर फिरलोय आम्ही. तेव्हा दारूचं कौतुक मला कोणी शिकवू नये आणि मी दारूची बाजू घेते असंही कोणी म्हणू नये.

आता दुसरी गोष्ट. लेकीच्या बाळंतपणाला इंग्लंडला गेले होते, न्यूकॅसलजवळ, पाच महिने. बॅगेत डिंक, अळीव आणि दोन किलो नाचणी सत्त्व. तिथे पोचले तर जावईबापूंच्या गॅरेजमध्ये मोठं स्टीलचं पातेलं, प्लास्टिकची बादली आणि पोतंभर धान्य. मी म्हटलं हे काय, तर म्हणाले, "आई, ब्राऊन एल करतो मी घरी, तपकिरी रंगाची बिअर." माझा चेहरा बघून लेक मधे पडली, "अगं इथे चालतं, सगळे करतात." आणि खरंच चालतं, तिथे 1963 सालापासून स्वतःपुरती बिअर करायला लायसन्स लागत नाही, विकली तर मात्र सगळे नियम लागू.

त्या भागात ब्राऊन एल म्हणजे आपल्याकडे मिसळ तशी, प्रत्येकाचं मत ठाम. न्यूकॅसल ब्राऊन एल 1927 पासूनची, तिला तिथले लोक लाडाने 'कुत्रा' म्हणतात, म्हणजे घरात सांगायचं की कुत्र्याला फिरवून आणतो आणि जायचं पबमध्ये. (हे ऐकून आमचे हे फोनवर एवढे हसले की मला शंका आली, आपल्याकडे कुत्रा नाही हेच बरं.)

पोत्यातलं धान्य हातात घेतलं आणि मी ओळखलंच. सातू, म्हणजे बार्ली, भिजवून मोड आणून वाळवलेला. म्हणजे मी नातवासाठी नेलेलं नाचणी सत्त्व आणि त्यांचं ते माल्ट, कृती एकच की हो! मोड आल्यावर दाण्यात जे तयार होतं ते पिठाची साखर करतं, म्हणून सत्त्व बाळाला पचतं आणि म्हणूनच माल्ट गोड लागतं. फरक एवढाच की ते पुढे यीस्ट टाकून आंबवतात. आंबवणं आपल्याला नवीन आहे का? इडलीचं पीठ, जिलबी, कुरडईचा गहू तीन दिवस भिजतो तेव्हा त्याचा वास कोणाला माहीत नाही.

जावईबापूंची आधीची बॅच फ्रीजमध्ये होती. एक घोट दिला मला. जळक्या भाकरीचा पापुद्रा जास्त उकळलेल्या चहात बुडवावा तशी. ते म्हणे हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणणारी फुलं, जास्त झाली, मी म्हटलं हे कडू नाही, तुरट आहे, कडू ही जिभेची चव आणि तुरट गालाला आतून ओढतं, सुपारीसारखं. त्यांच्या बिअरच्या इंग्रजी पुस्तकात हे दोन शब्द होतेच की, पण पोराची जीभ तयार नव्हती. मग विचारलं काय काय घातलंस. रंग छान यावा म्हणून चॉकलेट माल्ट 400 ग्रॅम घातलेलं, म्हणजे सातूच, कॉफीसारखा काळा भाजलेला, त्यात चॉकलेट औषधाला नाही. आणि शेवटी भिजलेल्या धान्यात उरलेली साखर धुऊन काढायला किटलीतलं उकळतं पाणी ओतलेलं. त्यांच्याच पुस्तकात लिहिलेलं की 77 डिग्रीच्या वर पाणी गेलं की टरफलातला तुरटपणा उतरतो. चहाच्या चोथ्यावर परत उकळतं पाणी ओतून बघा, तेच. आणि काळ्या मसाल्यात खोबरं, कांदा किती काळा करायचा हे नाशिकच्या बाईला शिकवायला लागत नाही, एक मिनिट जास्त झालं की अख्खी भाजी कडू.

पुढची बॅच दोघांनी मिळून केली, म्हणजे केली त्यांनी आणि मी शेजारी स्टूल टाकून बसले, नातू मांडीवर. 20 लिटरसाठी साधं पेल माल्ट 4 किलो, क्रिस्टल माल्ट 300 ग्रॅम ज्याने काकवीसारखी गोडी येते, चॉकलेट माल्ट फक्त 150 ग्रॅम, आणि ओट्स 250 ग्रॅम, ओट्सने अंगाला मऊपणा येतो, भाताची पेज घशाखाली जाते ना तसा. हे सगळं 68 डिग्रीच्या पाण्यात तासभर. इथेच सगळी गंमत आहे बरं का, 63-64 ला ठेवलं तर जवळजवळ सगळ्याची अशी साखर होते जी यीस्ट खाऊन टाकतं आणि बिअर पातळ, कोरडी होते, 68 ला ठेवलं तर थोडी साखर यीस्टला न खाता येणारी उरते आणि तीच तोंडात भरीवपणा देते. चार डिग्रीचा खेळ. मी थर्मामीटर हातातून सोडला नाही. मग धान्य बाजूला काढून ते गोड पाणी तासभर उकळायचं, उकळताना 40 ग्रॅम हॉप्स, ईस्ट केंट गोल्डिंग्ज नावाचे, वाळलेली फुलं, काढ्याला अडुळसा टाकतो तसे, पण बेताने कारण ब्राऊन एलमध्ये माल्ट पुढे आणि हॉप्स मागे. पटकन थंड करून इंग्लिश एलचं यीस्ट.

स्वच्छतेचं मात्र कौतुक करते. उकळून थंड झाल्यावर जे जे लागणार ते सगळं आधी निर्जंतुक, बादली, चमचा, नळी, झाकण. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातला म्हणून माझ्या सासूबाई आठवडाभर बोलत नसत, त्या इथे शोभल्या असत्या.

आणि तापमान. बादली 18 ते 20 डिग्रीत ठेवायची. तिथे जिन्याखालच्या कपाटात आपोआप मिळतं. 25 च्या वर गेलं की यीस्ट भरकटतं, तिखट दारूचा वास येतो आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरतं. आपल्या नाशकात डिसेंबर-जानेवारी सोडला तर फ्रीजशिवाय जमणार नाही, आणि निफाडला पारा 5-6 वर येतो तेव्हा उलट गोधडी गुंडाळायला लागेल.

बाटलीत भरताना लिटरला 5 ग्रॅम साखर, वजन करून, तिचाच गॅस होतो. जावईबापूंनी पूर्वी एकदा अंदाजाने टाकली होती, त्या बाटल्या रात्री गॅरेजमध्ये एकेक करून फुटल्या आणि शेजारचे म्हातारे आजोबा टॉर्च घेऊन आले. या वेळी तीन आठवडे थांबलो. रंग गडद कोकमाच्या सरबतासारखा, वास भाजलेल्या शेंगदाण्याचा, आणि घशाखाली इतकी अलगद की जावई म्हणाले, "आई, ही तुमची बिअर." दारू 5 टक्के. लेकीने नुसता वास घेतला, अंगावर पाजत होती ना.

आता कामाचं. हेच पातेलं मी इंदिरानगरला गॅसवर ठेवलं तर? 1949 चा आपला दारूबंदी कायदा, त्याचं कलम 65, परवान्याशिवाय कुठलीही दारू तयार करणं गुन्हा आणि त्यासाठी भांडी-सामान बाळगणं सुद्धा गुन्हा. ओढ्याकाठच्या पिंपाला जे कलम तेच माझ्या पातेल्याला, आणि बातमी पण तीच येईल, 'वीस लिटर कच्चे रसायन नष्ट'. रसायन! सातू आणि ओट्स हो.

काकांचा मुद्दा विषबाधेचा होता. 2015 साली मुंबईत मालवणीला शंभराच्या वर माणसं गेली ती मिथेनॉलने, जे कारखान्यात वापरायचं आणि दारूत मिसळलेलं. धान्य आंबवून जी बिअर होते त्यात मिथेनॉल नावापुरतं, आणि ती कोणी गाळून कडक करत नाही. आंबट होईल, तुरट होईल, बाटली फुटेल, पण माणूस आंधळा होणार नाही. व्यसन लागणार नाही का? लागू शकतं, नाही म्हणत नाही. पण ज्याला व्यसन आहे तो दोन-चार आठवडे बादलीकडे बघत बसत नाही, तो कोपऱ्यावरच्या दुकानात जातो, आमच्या घरापासून चालत सात मिनिटं, आणि तिथे 42 टक्क्यांची मिळते, लायसन्सवाली.

नाशिकने तर हे बोलायलाच पाहिजे. द्राक्षाची दारू म्हटल्यावर इथे पण लोकांनी नाकं मुरडली होती, मग 2001 मध्ये सरकारने वाईनचं धोरण आणलं, विंचूरला वाईन पार्क झालं, आणि आज मुंबईची माणसं गंगापूर धरणाच्या काठाला ग्लास धरून फोटो काढतात. मोठ्याला धोरण मिळतं, हॉटेलवाल्याला जागेवरच बिअर बनवायचं, मायक्रोब्रुअरीचं, लायसन्स मिळतं, घरच्या पातेल्याला काहीच नाही. पिण्याचा परवाना मात्र आजीवन, आमच्या ह्यांनी लॅमिनेट करून ठेवलाय.

माझं म्हणणं एवढंच की कायद्यात आंबवणं आणि गाळणं वेगळं करा. 21 वर्षांवरच्या माणसाला वर्षाचा साधा परवाना, घरटी शंभर लिटर धरा, अमेरिकेत 1978 मध्ये कायदा केला त्यात दोन मोठी माणसं असलेल्या घराला वर्षाला 200 गॅलन म्हणजे साडेसातशे लिटर सूट आहे, एवढ्यात आमची अख्खी सोसायटी न्हाऊन निघेल. विकली की गुन्हा. गाळायचं भांडं सापडलं की आत्ता आहे तीच शिक्षा, वाढवली तरी माझी ना नाही. आणि गावात बायकांनी आडवी बाटली केली असेल तर तिथे हा परवाना पण बंद, ही अट मी माझ्या माहेरासाठी घालते.

येताना जावईबापूंनी मला त्यांचा जुना हायड्रोमीटर दिला, काचेची नळी असते, साखर किती उरली ते त्यावर दिसतं. साधं पाणी 1.000 धरलं तर आमची बिअर 1.050 वरून 1.012 ला आली होती. इथे त्याचा काही उपयोग नाही म्हणून कपाटात पडला होता, मग लक्षात आलं की चांगलं दूध 1.030 च्या आसपास तरंगायला पाहिजे. सध्या रोज सकाळी दूधवाल्यासमोर पातेल्यात सोडते. तो विचारतो, "काकू, हे कशाचं मशीन?"

आपली,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक